शेवटचा पाव फेरा

“कुणीतरी फार घाबरून बसवलाय हा नट,” लेक म्हणाली, आणि माझ्या हातातला कप बशीवर खणकन वाजला. एवढंच झालं. तिला ऐकूही गेलं नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली, आणि ती डाव्या अ‍ॅक्सलसमोर गुडघे टेकून बसलेली, हातात तारेचा ब्रश. रविवार, सकाळचे साडेदहा. उजव्या बाजूचा नट तिने नाश्त्याच्या आधीच काढला होता. गंज सुटायचं तेल मारलं, सॉकेटच्या दांड्याला चार फुटी पाइप अडकवला, पाइपवर एकदा उडी मारली, कट्ट झालं आणि नट सुटला. त्यामुळे स्वारी खुशीत होती. “तिकडे नट फिरू नये म्हणून लावतात त्या लॉकच्या पत्रीचा एकच कान दुमडलेला होता बाबा, असतो तसा. आणि इकडे बघा! चारही कान दुमडलेत, वर छिन्नीने तीन ठिकाणी ठोकलंय. नट बसवलाय की मढं पुरून वर धोंडा ठेवलाय?” समोर उपड्या टाकलेल्या तेलाच्या डब्यावर माझा मेहुणा, म्हणजे तिचा मामा, बसला होता. तो हसला. मी हसलो नाही, आणि हे त्या शेडमध्ये फक्त त्याच्याच लक्षात आलं असणार. कारण आमच्या घरात नटाचा विषय निघाला की पहिला हसतो तो मीच.

मी बोलतो त्यात रुपयातले बारा आणे सोडून द्यायचे, असं बायको नव्या पाहुण्याला दारातच सांगून टाकते. सरकारी खात्याच्या वर्कशॉपातून हेड मिस्त्री म्हणून निवृत्त होऊन मला दहा वर्षं झाली, पण तिथल्या गोष्टी अजून वाढत्या अंगाच्या आहेत. एका गाडीच्या रेडिएटरमध्ये मासा सापडला, तो मी हौदात आणून सोडला, आणि गार पाण्यात त्याला सर्दी झाली म्हणून रोज सकाळी एक बादली उकळतं पाणी घालावं लागे, हे मी शेजारच्या पोरांना शपथेवर सांगितलेलं आहे. पण माझी खरी हुकमी गोष्ट चाकाची. याच जीपची. उतारावरून मी गाडी घेऊन येतोय, शेजारी मेहुणा बसलाय, आणि डावीकडून एक चाक आम्हाला मागे टाकून पुढे निघून जातं. मी त्याला हॉर्न देतो. आपलंच चाक आहे हे मला दुसऱ्या हॉर्ननंतर कळतं. मग मेहुण्याला एका अंगाला लोंबकळायला लावून तीन चाकांवर सात मैल गाडी हाकतो. खाली चहाच्या टपरीसमोर चाक आधीच पोचलेलं असतं, आणि टपरीवाल्याने त्याला आडवं करून त्यावर किटली ठेवलेली असते. मी मेहुण्याला विचारतो, अरे, नट आवळला होतास ना? तो खिशात हात घालतो, नट काढून तळहातावर धरतो आणि म्हणतो, दाजी, हा आवळायचा राहिलाच की! इथे हशा. गेली तीस वर्षं इथे हशा. त्या गोष्टीपासून मेहुण्याला सगळे ढिलेराव म्हणतात. घरात, गल्लीत, वर्कशॉपात. लेक शाळेत असताना सैल बटणाला ‘ढिलेराव झालंय’ म्हणायची. आणि मेहुणा दर वेळी समोर बसलेला असतो, आणि बरोबर जागेवर हसतो. कधीकधी अर्धा क्षण आधीच, म्हणजे इतरांना कळावं, इथे हसायचंय.

आता लेकीने पत्रीचे कान सरळ करून सॉकेट चढवलं, पाइप अडकवला आणि डावीकडे जोर लावला. जगातले सगळे नट सुटतात त्या बाजूला. नट ढिम्म. तिने पुन्हा तेल मारलं, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले, घड्याळ बघितलं. मी घड्याळ बघत नव्हतो. मी तिचे खांदे बघत होतो, कारण त्या जीपचा नट बघायची माझी हिंमत नव्हती. डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत, हे मला माहीत होतं. या बनावटीच्या पहिल्या तुकडीच्या गाड्यांनाच तसे होते; चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून कुणा हुशार माणसाने तसं केलं, आणि दोनतीन वर्षांत दुसऱ्या हुशार माणसाने ते बंद केलं. लेकीने फोनवर जे व्हिडिओ बघितले ते पुढच्या वर्षांच्या गाड्यांचे. म्हणजे ती जितका जीव लावून सोडवत होती तितका तो आवळला जात होता. एक वाक्य. ‘उजवीकडे फिरव’ एवढंच. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघालं की दुसरा प्रश्न येणार, तुम्हाला कसं माहीत. आणि त्याच्या मागून तिसरा, मग तेव्हा काय झालं होतं. मी चहा प्यायलो. गार झाला होता, तरी फुंकून प्यायलो.

आमच्या वर्कशॉपात एक रिवाज होता. फिटरने नट आवळायचा, आणि शेवटचा पाव फेरा हेड मिस्त्रीने द्यायचा. मग पत्रीचा कान दुमडायचा आणि वर लाल रंगाचा ठिपका. ठिपका पडला की त्या नटाला कुणी हात लावायचा नाही, खुद्द साहेबानेसुद्धा. हा रिवाज माझ्या आधीच्या हेड मिस्त्रीने पाडला आणि मी त्याची मिरवणूक केली. दुपारी तीनच्या सुमाराला मी मोठा पाना खांद्यावर टाकून ओळीने गाड्यांसमोरून जायचो, मागे रंगाचा डबा धरून कुणीतरी, आणि तिसेक माणसं हातातलं काम थांबवून बघायची. प्रत्येक नटाला पाव फेरा, आणि फेऱ्यागणिक एखादा शेरा. ‘बायकोने डबा दिला नाही वाटतं आज, जोर कमी पडलाय.’ लोक हसायचे. मला त्या हसण्याची चटक होती, हे मी आज लिहितोय. तेव्हा मला वाटायचं, मला कामाची चटक आहे. मेहुण्याला मीच चिकटवला होता तिथे. ताईचा नवरा हेड, त्यामुळे तो बिचारा इतरांपेक्षा जास्त राबायचा, आणि खरं सांगायचं तर हात माझ्यापेक्षा चांगला होता त्याचा. नुसत्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगायचा. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. ही जीप त्या दिवशी त्याच्याकडे होती. डावा नट त्याने आवळून ठेवलेला. मी पाना लावला आणि नेहमीसारखा उजवीकडे खेचला, आणि तो फिरला, सहज. “वा! माझ्या सासऱ्यांनी जेवू घातलं नाही की काय तुला? केवढा ढिला ठेवलायस!” हशा झाला. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “दाजी, डाव्या बाजूला या गाडीचे उलटे आटे आहेत.” तो हळूच बोलला होता, माझी लाज राखून. मीच मोठ्याने म्हणालो, “ऐका रे, मेहुणा मला आटे शिकवतोय!” आणि पत्रीचा कान स्वतः दुमडला, आणि लाल ठिपका स्वतः दिला.

“बाबा, हे असं नाही जमायचं. वर उभी राहते,” लेक म्हणाली. ती मडगार्डला धरून पाइपवर चढली आणि टाचांनी हिसके द्यायला लागली. या जीपला ती मागच्या जुन्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक बसवत होती. फक्त हौसेसाठी नव्हे. डोंगरांवरच्या टॉवरांच्या दुरुस्तीचं काम तिला मिळालं होतं, पुढच्या सोमवारपासून, आणि त्या रस्त्यांच्या उतारावर ओल्या ड्रमचे ब्रेक म्हणजे देवाचं नाव घेऊन खाली येणं. अ‍ॅक्सलचं टोक मात्र जुनंच राहणार होतं, कारण या बनावटीचं नवं आता कुठेच मिळत नाही. ते मोडलं तर गाडी भंगारात. हे सगळं तिनेच मला आठ दिवस समजावून सांगितलं होतं, ब्रेक कसा धरतो हे चित्र काढून, मला, हेड मिस्त्रीला; आणि मी ‘हो का, असं का’ करत ऐकलं होतं. तेव्हाच, पहिल्याच दिवशी, सांगता आलं असतं. जाता जाता, पेपर वाचता वाचता. त्या आठ दिवसांत मी तिला माशाची गोष्ट दोनदा सांगितली. तेवढ्यात सॉकेट नटावरून घसरलं, पाइप उसळला आणि तिच्या नडगीवर बसला. ती खाली बसली, पाय दोन्ही हातांनी धरून, ओठ दाताखाली. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मेहुणा पूर्ण उठला. “बर्फ आणू का गं?” “काही नाही मामा, सालटं निघालंय फक्त.” आणि मी त्या अर्ध्या उठलेल्या अवस्थेत, पोटच्या पोरीच्या पायावर रक्ताची रेघ येताना बघत, काय विचार करत होतो? की बरं झालं, आता ती कंटाळून सोडून देईल. हे मी लिहून ठेवतोय, कारण हे मला गोष्टीत कधी घालता येणार नाही.

अपघातानंतर साहेबाची चौकशी पाच मिनिटांत आटोपली होती. साहेबाने विचारलं, नट कुणी आवळला? मेहुणा म्हणाला, मी. ते खरंच होतं. साहेबाने मला विचारलं, तुम्ही पाव फेरा दिला होता? मी म्हणालो, त्या दिवशी गडबडीत ही गाडी राहून गेली. ठिपका? पोराटोरांनी मारला असेल. मेहुणा माझ्या शेजारी उभा होता, डावा हात गळ्यात बांधलेला. गाडीत तो होता, आणि एक सर्व्हे करणारा. मी गाडीत नव्हतोच. उतारावर चाक खरंच पुढे गेलं, पण टपरी नव्हती, किटली नव्हती. गाडी आडवी होऊन घसरत कठड्याला टेकली आणि मेहुण्याचा खांदा निखळला. तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पुढे गोष्टीत मी हळूहळू स्टिअरिंगवर आलो, दरवर्षी थोडाथोडा सरकत, आणि कुणी हरकत घेतली नाही. त्याला वर्कशॉपातून काढून फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे आणि उजव्या हाताने आडवा बांबू वर करायचा, सत्तावीस वर्षं. जीप दुरुस्त होऊन आली तेव्हा डाव्या बाजूचा नट मी जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना, बरोबर दिशेने बसवला. चारही कान दुमडले, छिन्नीने तीनदा ठोकलं. खात्याने जीप लिलावात काढली तेव्हा मीच घेतली. जुन्या गाडीवर केवढं प्रेम, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो. माझा उद्देश एवढाच होता की तो नट दुसऱ्या कुणी उघडू नये.

“मामा, या जरा,” लेक म्हणाली. फडकं नडगीला बांधून ती परत उभी होती, हट्टाला पेटलेली. या बाबतीत ती आईवर गेलीय, असं मी सगळ्यांना सांगतो. “मी सॉकेट दाबून धरते, तुम्ही पाइपवर उभे राहा. नटाला हात लावायचा नाही हं, तुमचं काही खरं नाही! फक्त वजन द्या. एवढ्याने नाही निघाला तर ग्राइंडर लावून कापते मेल्याला.” मेहुणा हसला, बरोबर जागेवर. चपला काढून बाजूला ठेवल्या. चौसष्ट वर्षांचा माणूस, उजव्या हाताने मडगार्ड धरून, पाय चाचपत त्या पाइपवर चढला. डावा हात पोटाशी तसाच. आणि चढून त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता थांबला होता, बस येईपर्यंत माणूस थांबतो तसा. त्याला माहीत होतं, तो उलट्या बाजूला वजन देतोय. सगळ्या घरात हे माहीत असलेली दोनच माणसं, एक खुर्चीत आणि एक पाइपवर. मग हा का बोलत नाही, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच क्षणी उत्तरही आलं: हा एकदा बोलला होता. “हं मामा, एक, दोन...” पाइप वाकला. अ‍ॅक्सलमधून बारीक कुरकुर आली, दाढ हलताना येते तशी.

“उतर खाली,” मी म्हणालो. आवाज इतका घोगरा निघाला की दोघांनाही आधी कळलं नाही कोण बोललं. “उतर रे. आणि तू, उजवीकडे फिरव. घट्ट करतात तसा. त्या बाजूचे आटे उलटे आहेत.”

लेकीने पाइप काढला, उलटा लावला आणि अंग झोकून दिलं. नट किंचाळला, आणि सुटला. ती सॉकेट फिरवत राहिली आणि चार फेऱ्यांत नट तिच्या तळहातावर आला. तिने तो वळवून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला माहीत होतं?”

माझी जीभ लगेच कामाला लागली. मी तिला आवरायच्या आत माझ्या तोंडून निघालं, “माहीत म्हणजे काय, अगं ही गाडी ज्याने बनवली ना तो स्वतः डावखुरा...” आणि मी बघितलं, मेहुण्याने चपलेत पाय घालता घालता मान वर केली होती, चेहरा तयार ठेवून. तो हसायला तयार होता. आताही. मी थांबलो. मग सांगितलं, जसं होतं तसं, चाल न लावता. पाव फेरा, ठिपका, साहेब. इतकं थोडक्यात आटोपलं की मलाच नवल वाटलं. लेक पहिली दोन वाक्यं ओठ मुडपून ऐकत होती, आता चाकाला किटली कुठे भेटते याची वाट बघत. मग तिने ओठ सोडले. स्वयंपाकघराच्या दारात बायको कधी येऊन उभी राहिली होती, कुणास ठाऊक, ओले हात तसेच धरून. भावाला म्हणाली, “मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू, ताई? तू यांच्या घरात होतीस,” तो म्हणाला, घरातलं मीठ संपलंय हे सांगावं तसा. “आणि दाजींनी काही मुद्दाम नव्हतं केलं.”

“मामा, मी तुम्हाला इतकी वर्षं...” लेक म्हणाली. तिने हातातला पाना त्याच्यापुढे धरला, उजव्या बाजूचं नवं काम त्यानेच बसवावं अशा अर्थाने असेल. त्याने घेतला. तोलून बघितला, मूठ एकदा पुढे धरली, एकदा मागे. मग परत दिला. “नाही गं. हात विसरलेत आता. तूच कर, तुझा चांगला बसतोय.” हे त्याने कौतुकाने म्हटलं. मग माझ्याकडे वळला.

“दाजी, एक विचारू? तुम्हाला ते कळलं कधी? चाक निघाल्यावरच ना?”

त्याने प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं, लहान मुलाला घास भरवावा तसं. मी फक्त तोंड उघडायचं होतं. आयुष्यभर मी लोकांना असली-नसलेली उत्तरं वाटत आलो, आणि हे एक तर फुकट, आयतं, शिवाय सगळ्यांच्या भल्याचं होतं. मघाशी, सगळं सांगताना, मीही ते तसंच सांगून गेलो होतो. पाना लावला, सहज फिरला, मला वाटलं ढिलाच होता. पण नट आवळला जाताना हाताला एक नकार देतो. वीस वर्षं तो नकार मी रोज शंभरदा ऐकलेला होता. त्या दुपारी तो आला नाही. काहीतरी मऊपणे सुटलं, तळहाताला कळलं, मनगटाला कळलं, आणि मागे तीस माणसं हसत होती.

“तेव्हाच,” मी म्हणालो. “पाना फिरला तेव्हाच.”

“म्हणजे दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन निघालो तेव्हा...”

“हो.”

“तुम्ही हात केलात मला. फाटकापाशी.”

“हो.”

“मी आपला असं धरून चाललो होतो की तुम्हाला कळलं नव्हतं,” तो म्हणाला. “मला वाटायचं, माणूस चुकतो, मग सांगायची लाज वाटते. तेवढ्यावर तर मी येत होतो इथे दर रविवारी.” त्याने पँटची धूळ झटकली, लेकीच्या डोक्यावर उजवा हात ठेवला, नडगीकडे बघून म्हणाला, “त्याला हळद नाहीतर काहीतरी लाव गं,” आणि शेडच्या बाहेर निघाला.

“अरे, वाढतेय मी. जेवून जा,” बायको म्हणाली.

“आज नको, ताई.”

तो गेला. घाईने नाही, नेहमीच्याच चालीने, भिंतीकडेने. लेक म्हणाली, “बाबा, जा ना त्यांच्यामागे!” आणि मला ते सगळं लगेच दिसलं: म्हातारा अनवाणी पळतोय, धोतर असतं तर सुटलं असतं, कोपऱ्यावर मेहुण्याला गाठतो, दोघं गळ्यात पडतात, मागे एक कुत्रं भुंकतंय. छान जमली असती. म्हणून मी जागचा हललो नाही. लेक वळून डाव्या अ‍ॅक्सलचे आटे ब्रशने साफ करायला लागली, फार काळजीने, एकेक आटा. बायको दारातून आत गेली. आतून तिने घेतलेल्या चार ताटांतलं एक परत फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग, जरा थांबून, दुसरं. ते दुसरं कुणाचं, हे विचारायला मी आत गेलो नाही.